नाडीवर हात, छातीवर नजर

सिकंदराबादेत कुणालाही विचारा, तुमच्या गावानं विज्ञानाला काय दिलं? बोट बेगमपेठेकडेच जाईल. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी तिथल्या छोट्या इस्पितळात डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. चावलेल्या दर डासामागे एक आणा घेणारा त्याचा रुग्ण हुसेन खान हाही त्या गोष्टीबरोबर अजरामर झाला. गोष्ट मोठीच आहे, तिचा मान तिला मिळायलाच हवा. पण त्याच्या आठ वर्षं आधी हुसेनसागराच्या बांधापलीकडे, निजामाच्या हैदराबादेत एक खटला चालला होता आणि त्याचा निकाल ऐकायला लंडनचे डॉक्टर कान टवकारून बसले होते. आरोपी होता क्लोरोफॉर्म. साक्षीदार होते कुत्री, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं आणि ससे. कोर्टापुढचा प्रश्न चार शब्दांचा होता: हृदय आधी की श्वास?

आज हा प्रश्न परीक्षेत दोन गुणांचा वाटेल. त्या काळी त्यावर माणसं मरत होती.

क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियेत आणला एडिंबराच्या जेम्स यंग सिम्पसननं, नोव्हेंबर १८४७ मध्ये. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार गड्यांनी रुग्णाला दाबून धरायचं आणि सर्जननं घाई करायची. रुमालावर चार थेंब टाकून माणूस झोपी जातो म्हटल्यावर डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं. तीन महिनेही लोटले नाहीत. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढून घ्यायला बसली आणि क्लोरोफॉर्म दिल्यावर दोन-तीन मिनिटांत गेली. नखासाठी जीव! सिम्पसन म्हणाला, शुद्धीवर आणायला तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली, त्यानं ती गुदमरली. लंडनचा जॉन स्नो म्हणाला, वाफ दाट होती, तिनं थेट हृदय बंद पाडलं. एकाच प्रेताचे दोन पंचनामे झाले, आणि तिथून पुढे साठ वर्षं इंग्रजी वैद्यक दोन तटांत वाटलं गेलं.

लंडनचा भूल देणारा रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवून बसे. नाडी बिघडली की क्लोरोफॉर्म बंद. एडिंबरात सिम्पसनचा आणि सर्जन जेम्स साइमचा शिष्यवर्ग नाडीला हातही लावत नसे. त्यांची नजर छातीवर असे आणि कान घोरण्याकडे असे. श्वास नीट चालू असेल तर हृदय आपलं आपण पाहून घेईल, ही त्यांची श्रद्धा. दोन घराण्यांची गायकी असावी तसा हा मामला होता. प्रत्येक जण आपल्या गुरूच्या तालमीवर ठाम.

साइमचा असाच एक शिष्य होता एडवर्ड लॉरी. तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून १८८५ च्या सुमारास हैदराबादेत आला. ब्रिटिश रेसिडेन्सीचा सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचा प्रमुख या दोन्ही खुर्च्या त्याच्याकडे आल्या. हे मेडिकल स्कूल १८४६ चं. तिथं बरीच वर्षं उर्दूतून शिकवत आणि पदवी मिळे ‘हकीम’. लॉरी एकमार्गी माणूस होता. अफझलगंजच्या इस्पितळात त्यानं हजारो शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्मखाली केल्या आणि एकही रुग्ण क्लोरोफॉर्मनं दगावला नाही असा त्याचा दावा होता. कापडी शंकू तोंडावर धरायचा, त्यावर क्लोरोफॉर्म टाकत राहायचं, श्वासावर नजर ठेवायची, नाडी विसरायची, ही त्याची रीत. पुढे तिला हैदराबादचंच नाव पडलं.

आता थोडं शरीराच्या आत डोकावायला हवं. त्याशिवाय भांडण नेमकं कशावरून होतं ते कळणार नाही.

श्वास हा स्नायूंचा खेळ आहे. त्यातला मुख्य गडी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू. त्याला स्वतःची अक्कल नाही. मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेतून हुकूम सुटतो, मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंच्या मुळांतून बनलेल्या फ्रेनिक नसेवाटे खाली येतो, तेव्हा तो आकुंचन पावतो आणि हवा आत येते. हुकूम थांबला की श्वास थांबला. हृदयाचं तसं नाही. ते स्नायूच आहे, पण स्वतंत्र संस्थानिक आहे. बेडकाचं हृदय कापून बशीत ठेवलं तरी बराच वेळ धडधडत राहतं. ठोका त्याचा त्यालाच सुचतो. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त लगाम ओढतात किंवा टाच मारतात. लगाम ओढणारी नस म्हणजे व्हेगस. ही नस विजेनं चेतवली तर हृदय मंदावतं, जोरात चेतवली तर काही क्षण चक्क थांबतं, हे जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवलं, तेव्हा शरीरशास्त्रज्ञ चक्रावले होते. नस चेतवली की स्नायू आखडतो, हा गॅल्व्हानीच्या बेडकापासूनचा पाठ. आणि ही नस चेतवली तर स्नायू ढिला पडतो! कुणाला हे नीट समजावून सांगता येईना.

म्हणजे क्लोरोफॉर्मपुढे माणसाला मारायच्या तीन वाटा होत्या. लंबमज्जेतला हुकूम बंद पाडायचा आणि श्वासपटल उपाशी ठेवायचं. किंवा व्हेगसचा लगाम इतका ओढायचा की हृदय उभं राहील. किंवा नसांना बाजूला सारून थेट हृदयाच्या स्नायूलाच विष द्यायचं. पहिल्या वाटेनं जाणाऱ्या रुग्णाला वाचवता येतं: हृदय अजून चालू असतं, छाती दाबून-सोडून हवा आत-बाहेर केली की काम होतं. उरलेल्या दोन वाटांवर त्या काळी हात जोडण्यापलीकडे इलाज नव्हता. वाद नाडीचा आणि श्वासाचा दिसत असला तरी खाली प्रश्न होता तो नस आणि स्नायू यांच्या नात्याचा.

ग्लासगोच्या एका समितीनं १८८० च्या आसपास प्रयोग करून सांगितलं होतं की क्लोरोफॉर्म हृदयाला दुबळं करतं. लॉरीला ते रुचलं नाही. त्यानं निजाम सरकारकडून १८८८ मध्ये पहिलं ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमवून घेतलं. त्यात पॅट्रिक हेहीर, केली आणि चॅमरेट हे तिघे डॉक्टर. शंभराहून जास्त भटकी कुत्री क्लोरोफॉर्मनं मारून त्यांनी निष्कर्ष काढला: श्वास नेहमी आधी थांबतो, हृदय मागाहून. लॉरीनं मेडिकल स्कूलच्या बक्षीससमारंभात हा निकाल जाहीर करून टाकला. लंडनचं ‘लॅन्सेट’ साप्ताहिक मात्र खट्टू झालं. कुठल्या कोपऱ्यातल्या संस्थानात चार कुत्री मारून चाळीस वर्षांच्या अनुभवावर बोळा फिरवायचा म्हणजे काय, असा सूर लागला.

आणि मग सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनं एक झकास चाल केली. तेव्हा दिवाण होते आसमान जाह. दरबारानं ‘लॅन्सेट’ला कळवलं: तुमचा विश्वास नाही ना? मग तुमचाच माणूस पाठवा, प्रयोग आमच्याकडे पुन्हा करू, खर्चाला आम्ही एक हजार पौंड देतो. परीक्षकालाच पालखी धाडण्यातला हा प्रकार. त्या हजार पौंडांत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडकडच्या कुणब्यांचा शेतसाराही मिसळलेला होता, हे मराठी वाचकानं मनात ठेवायला हरकत नाही. मराठवाडा तेव्हा याच खजिन्यात सारा भरत होता.

‘लॅन्सेट’नं माणूस निवडला तोही तोलामोलाचा: टॉमस लॉडर ब्रंटन. एडिंबरात शिकलेला, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात नाव काढलेला. छातीच्या कळेवर, म्हणजे अंजायनावर, अमाइल नायट्राइट हुंगवायचा उपाय त्यानं १८६७ मध्ये तेवीस वर्षांचा असताना शोधला होता. औषधाचा शरीरावर होणारा परिणाम मोजून पाहायचा, नुसत्या अनुभवावर विसंबायचं नाही, या नव्या शिस्तीचा तो अध्वर्यू. १८८९ च्या शरद ऋतूत तो हैदराबादेत दाखल झाला. दुसऱ्या कमिशनमध्ये तो, अध्यक्ष लॉरी, जेरल्ड बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हकीम असे चौघे होते. चौघांत एक हैदराबादी पारशी डॉक्टर आहे, ही बाब त्या काळाच्या मानानं लहान नव्हे.

प्रयोगाचं टेबल जरा जवळून पाहू. कुत्रं फळीवर उताणं बांधलेलं. मानेतली मुख्य धमनी उघडी करून तिच्यात काचेची नळी बसवलेली, नळीचं दुसरं टोक पारा भरलेल्या वाकड्या नळीला. हृदयाचा प्रत्येक ठोका पाऱ्याला ढकलतो. पाऱ्यावर तरंगणारी हलकी काडी वरखाली होते आणि तिच्या टोकाची बारीक लेखणी काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ ओढत जाते. कागद गुंडाळलेलं नळकांडं घड्याळाच्या यंत्रानं संथ फिरत असतं. रक्ताचा दाब म्हणजे ती रेघ. ठोके म्हणजे तिच्यावरचे दातेरे. शेजारी छातीची हालचाल टिपणारी दुसरी रेघ. प्रयोग संपला की कागद काढून लाखेच्या द्रवात बुडवायचा, म्हणजे काजळी पुसली जात नाही. मानेतच, धमनीला चिकटून, व्हेगस असते. पांढऱ्या सुतळीसारखी नस, जनावर मोठं असलं तर अनोळखी माणसालाही चटकन दिसावी अशी. तिला दोऱ्यात उचलून विजेच्या तारा लावल्या की कागदावरचे दातेरे विरळ होतात, मग रेघ कोसळते, आणि तारा काढल्या की धापा टाकत वर चढते.

हे त्यांनी नाना तऱ्हांनी केलं. व्हेगस चेतवून पाहिली, दोन्ही बाजूंनी कापून पाहिली. काही जनावरांना आधी फॉस्फरस खाऊ घालून त्यांच्या हृदयात चरबी धरवली, कारण ‘दुबळ्या हृदयाचे’ रुग्ण क्लोरोफॉर्मनं मरतात असं लंडनकर म्हणत. धक्क्यानं हृदय बंद पडतं म्हणतात ना, तर भूल कच्ची असताना दात उपटले, नखं काढली, डोळ्याचे स्नायू कापले. वाचतानाही अंगावर काटा येतो. इंग्लंडात १८७६ च्या कायद्यानं जिवंत जनावरावरच्या प्रयोगाला परवाना लागे आणि प्राणिमित्र संस्था ब्रंटनसारख्यांवर डोळा ठेवून असत. निजामाच्या राज्यात तो कायदा नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातला प्राण्यांच्या छळाविरुद्धचा मोठा कायदा आला तोसुद्धा कमिशनचं काम उरकल्यावर, १८९० मध्ये. हजार पौंडांइतकीच ही मोकळीकही हैदराबादनं प्रयोगाला पुरवली होती. निजामाचं औदार्य सांगताना हे गाळून चालणार नाही.

डिसेंबरात ब्रंटननं लंडनला तार केली: ४९० जनावरं वापरली, १२० दाबमापक लावून तपासली, सगळ्या नोंदींचे फोटो घेतले. धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा, थेट हृदयाला काहीही नाही. ‘लॅन्सेट’चा माणूस लॉरीच्या बाजूला गेला होता! १८९० मध्ये सविस्तर अहवाल त्याच साप्ताहिकात छापून आला. भूल देणाऱ्यानं पूर्णपणे श्वासावर अवलंबून राहावं, रुग्णाला आडवं झोपवावं, छातीवर काही घट्ट असू नये, अशा स्वच्छ सूचना त्यात होत्या. व्हेगसबद्दल कमिशनचं म्हणणं तर उफराटंच होतं: क्लोरोफॉर्म चढताना किंवा गुदमरताना व्हेगस हृदयाला मंद करते, ती मारक नसून तारक आहे. रक्त सावकाश फिरलं की विषही मेंदूपर्यंत सावकाश पोहोचतं.

या अहवालातला निम्मा भाग खणखणीत खरा आहे, हे आधी मान्य करू. क्लोरोफॉर्मची मात्रा चढवत नेली तर लंबमज्जा आधी झोपते, फ्रेनिक नसेतून हुकूम येईनासा होतो, श्वासपटल थांबतं आणि हृदय त्यानंतरही काही मिनिटं चालतं. त्याच मिनिटांत छाती दाबून जीव वाचवता येतो. नाडी बघत बसलेल्या माणसाच्या हातून ती मिनिटं निसटतात. एडिंबराची नजर छातीवर होती ती उगाच नव्हे, आणि लॉरीच्या हाताखाली शिकलेली पोरं ही नजर घेऊनच बाहेर पडली. त्यांत रूपाबाई फर्दुनजी होत्या. हैदराबाद मेडिकल स्कूलमधून १८८९ मध्ये, म्हणजे दुसरं कमिशन भरलं त्याच वर्षी, त्यांनी हकीमची पदवी घेतली. त्या इथल्या इस्पितळांतून भूल देत. जगातल्या सुरुवातीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे १९०९ मध्ये ॲनी बेझंट यांची चिठ्ठी घेऊन त्या एडिंबराला शिकायला गेल्या. लॉरीच्या गुरूच्या गावी!

पण उरलेला निम्मा भाग चुकला. कसा चुकला, हे मला बरोबर ठरलेल्या भागापेक्षा जास्त वाचनीय वाटतं.

क्लोरोफॉर्मनं माणसं मरत ती काही हजारांत एखादी. आता ४९० जनावरांत ती एखादी घटना सापडली नाही, तर घटना नाहीच असं म्हणायचं? हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. आकडा मोठा वाटला, तारेतही तोच आधी आला. दुसरं असं, की कमिशनचा भर होता मात्रा चढवत नेऊन काय आधी थांबतं ते पाहण्यावर. हॅना ग्रीनर मेली ती भूल पुरती चढण्याआधीच, खुर्चीत बसलेली, घाबरलेली. आणि तिसरी गोष्ट यंत्राची. पारा दाब सांगतो. दाब पडला हे कळतं, का पडला हे कळत नाही. हृदय मंदावून थांबलं, की नुसतंच थरथरत राहिलं, दोन्हींची रेघ खाली जाताना सारखीच दिसू शकते.

या थरथरीवर ॲबर्डीनचा जॉन मॅकविल्यम याच काळात काम करत होता. हृदयाचे तंतू एका ठेक्यात आखडायचं सोडून प्रत्येक जण आपापल्या तालावर वळवळू लागतात, रक्त पुढे जात नाही आणि माणूस अचानक मरतो, असा त्याचा निबंध १८८९ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. ज्या वर्षी हैदराबादेत काजळीवर रेघा उमटत होत्या, त्याच वर्षी उत्तर दुसऱ्या पत्रिकेत छापून पडलं होतं. दोन्ही एकत्र वाचायला कुणालाच सुचलं नाही.

मग खंडन सुरू झालं. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी १८९३ मध्ये दाखवलं की क्लोरोफॉर्म मिसळलेलं रक्त थेट हृदयात पोहोचलं तर दाब पडतो, मेंदूचा त्यात संबंध नाही. मेलबर्नच्या एम्बलीनं १९०२ मध्ये व्हेगसची वाट पुन्हा उकरली: भूल चढण्याच्या सुरुवातीला हीच ‘तारक’ नस कुत्र्याचं हृदय बंद पाडू शकते. आणि १९११ पासून गुडमन लेव्हीनं मांजरांवर शेवटचा घाव घातला. भूल हलकी असताना ॲड्रेनलिन टोचलं की क्लोरोफॉर्मनं हळवं झालेलं हृदय थरथरू लागतं आणि मांजर जागच्या जागी मरतं. ॲड्रेनलिन टोचायलाच हवं असं नाही. भीती वाटली की शरीर ते स्वतःच सोडतं. नख काढायला बसलेल्या मुलीला भीती वाटलीच असणार. म्हणजे लॉरीच्या रुग्णांना कदाचित त्याच्या सढळ, अखंड मात्रेनंच वाचवलं असेल: पटकन आणि खोल झोपवायचं, अधेमधे जागं होऊ द्यायचं नाही. रीत बरोबर, कारण चूक. वैद्यकात असं पुष्कळदा होतं.

नस स्नायूला नेमकं सांगते काय आणि कसं, हे कळायला मात्र अजून वेळ होता. ग्राझच्या ओटो लोवीला १९२१ मध्ये छापलेल्या प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली. मध्यरात्री उठून कागदावर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री पुन्हा सुचली तेव्हा तो थेट प्रयोगशाळेत गेला. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर दुसरंही मंदावलं. म्हणजे नस स्नायूशी विजेनं नव्हे, रसायनानं बोलते. ते रसायन ॲसिटाइलकोलीन निघालं. हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये दाखवलं की हातापायाच्या स्नायूंनाही नसा हाच निरोप देतात. त्या वर्षीचं नोबेल लोवी आणि डेल यांना मिळून मिळालं.

इथं हैदराबादच्या टेबलावरचं कोडं सुटतं. फ्रेनिक नसेच्या टोकाशी हुकूम पोहोचला की तिथल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात. ॲसिटाइलकोलीन केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही अरुंद फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना चिकटतं. दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, स्नायूभर विजेची लाट पसरते, आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनचे धागे ॲक्टिनच्या धाग्यांना ओढून घेतात. स्नायू आखूड होतो. क्षणार्धात एक विकर ॲसिटाइलकोलीनचे तुकडे करून फट झाडून टाकतं, कॅल्शियम कोठारात परत जातं, स्नायू सैल पडतो. व्हेगसच्या टोकाशी हेच ॲसिटाइलकोलीन सुटतं, पण हृदयावरचे ग्राहक वेगळे. ते पोटॅशियमची दारं उघडतात आणि ठोका लांबतो. पत्र एकच, वाचणारे दोन. एकानं धावत सुटावं, दुसऱ्यानं दम घ्यावा. लॉरी आणि ब्रंटन यांच्या एकाच कागदावर ही दोन्ही वाचनं उमटत होती, पण पत्रातला मजकूर कुणालाच ठाऊक नव्हता.

लॉरीचं पुढे काय झालं? तो शेवटपर्यंत हटला नाही. १९०१ मध्ये त्यानं क्लोरोफॉर्मवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं, मत तेच. १८९५ मध्ये रॉस सिकंदराबादेत आला तेव्हा लॉरी बांधापलीकडे होताच, आणि मलेरियाचा परोपजीवी म्हणून सूक्ष्मदर्शकात जे दिसतं ते तसं काही नाहीच, असं त्याचं मत होतं. पहिल्या कमिशनातला हेहीर मात्र त्याच परोपजीवीवर काम करत होता. एकाच शहरात एक माणूस डोळ्यांसमोरचं नाकारतो आणि दुसरा शोधतो, आणि दोघंही स्वतःला प्रयोगवादीच म्हणवतात! लॉरी खोटारडा नव्हता. त्याला उत्तर आधी सापडलं होतं, प्रयोग मागून आले.

अफझलगंजचं ते इस्पितळ १९०८ च्या सप्टेंबरातल्या मुसीच्या महापुरात उद्ध्वस्त झालं. आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, ते झाड आजही दाखवतात. तिथं पुढे उस्मानिया जनरल हॉस्पिटल उभं राहिलं. क्लोरोफॉर्मही हळूहळू मागे पडून शस्त्रक्रियागृहांतून गेलं.

२३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रिअलच्या हॅरल्ड ग्रिफिथनं भुलीखालच्या रुग्णाला क्युरारे दिलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावतात ते विष, स्नायूवरचे ॲसिटाइलकोलीनचे ग्राहक अडवून बसणारं. आज मोठ्या शस्त्रक्रियेत त्याच जातीची औषधं सर्रास देतात. नस हुकूम सोडत राहते, श्वासपटलाला तो ऐकू येत नाही, श्वास थांबतो आणि यंत्र त्याची जागा घेतं. ज्याला हैदराबादनं एकमेव धोका ठरवलं होतं, ते श्वास थांबणं भूलतज्ज्ञ आता रोज सकाळी जाणूनबुजून घडवून आणतात. हृदयाच्या विजेची रेघ मात्र शस्त्रक्रिया संपेपर्यंत पडद्यावर चालू असते.